उखळ, मुसळ आणि अमरकोश

गेल्या वर्षी दसरा झाला आणि आम्ही कोकणातले घर आवरावयास गेलो. आवरावयास म्हणजे खरे सांगायचे तर बंद करावयास. त्या घरात आता कोणी राहत नाही. पावसाळ्यात कौले सरकतात, भिंतींना ओल येते, आणि पुण्याहून दर वर्षी जाऊन डागडुजी करणे माझ्या वयाला झेपत नाही. तेव्हा थोड्या वस्तू शेजारीपाजारी द्याव्यात, थोड्या बरोबर घ्याव्यात आणि दाराला कुलूप लावावे, असे ठरले. माझ्याबरोबर मुलगा, सूनबाई आणि अकरा वर्षांचा नातू होता.

माळ्यावरून एकेक वस्तू खाली येऊ लागली. फणसाच्या लाकडाचे उखळ, टोकाला लोखंडी कडे बसवलेले मुसळ, शेणाने सारवलेली दोन सुपे, तळ गेलेली चाळण, जात्याचा वरचा दगड, करवत, सांडशी, डाव, नांगराचा गंजलेला फाळ. अंगणात बघता बघता ढीग झाला. नातू प्रत्येक वस्तूचा फोटो काढी, नाव विचारी आणि वहीत लिहून घेई. सूनबाई कमरेला पदर खोचून उभी होती. ती म्हणाली, "बाबा, गाडीत जागा थोडी आहे. यातलं काय न्यायचं ते तुम्हीच सांगा."

मी उत्तर देण्याआधी नातवानेच विचारले, "आजोबा, ही असली नावं कोणी ठेवली हो?"

मी चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवले. रूपे चालवून घेतली, समास सोडवून घेतले. पण हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता, आणि मीही तो स्वतःला विचारला नव्हता. त्या दिवशी दोन्ही प्रश्न बरोबरच समोर आले. यातले काय न्यायचे, आणि ही नावे कोणी ठेवली. दुसऱ्याचे उत्तर सापडल्याशिवाय पहिल्याचे देता येईना.

उखळापासूनच आरंभ करतो. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातले अठ्ठाविसावे सूक्त परंपरेने शुनःशेपाचे मानतात. सूक्त सोमरस काढण्याचे आहे, पण त्यात इंद्राच्या बरोबरीने आळवणी आहे ती उखळ-मुसळाची. तू घरोघरी कामाला जुंपला जातोस, तरी आज इथे विजयी वीरांच्या नगाऱ्यासारखा घुमून ऊठ, असे ऋषी उखळाला सांगतो. हाक मारताना तो नुसते 'उलूखल' म्हणत नाही, 'उलूखलक' म्हणतो. शेवटचा तो 'क' लाडाचा आहे. आपण बाळूचा बाळ्या करतो, तसाच. पुढे त्याच उखळाला तो 'वनस्पती' म्हणून संबोधतो. म्हणजे ते उखळ आमच्या उखळासारखेच लाकडाचे होते. आणखी एका ऋचेत स्त्री पुढेमागे हालवण्याची रीत शिकते, असा उल्लेख आहे. तीन हजार वर्षांपलीकडच्या त्या सूक्तात आपल्याला राजा दिसत नाही, रणांगण दिसत नाही. कांडण शिकणारी एक मुलगी मात्र दिसते.

उलूखलाचे प्राकृतात उक्खल झाले आणि मराठीत उखळ झाले. मुसलाचे मुसळ झाले, शूर्पाचे सुप्प आणि मग सूप झाले. शूर्प म्हटल्यावर लहान मुलांना शूर्पणखा आठवते. सुपाएवढी नखे असलेली ती शूर्पणखा. तिचे नाव ज्यांना भय वाटावे म्हणून योजले, त्यांच्या प्रत्येकाच्या घरी सूप टांगलेले होते हे उघड आहे. नाही तर नखे केवढी ते कळणार कसे?

यास्काचार्यांनी निरुक्तात 'उलूखल' शब्दाच्या तीन फोडी दिल्या आहेत. पुष्कळ करणारे ते, वर भोक असलेले ते, किंवा अन्नाचे बळ देणारे ते. तीनही वाचताना मौज वाटते, पण एकीवरही मन ठरत नाही. आजच्या भाषाशास्त्रज्ञांपैकी अनेकांचे मत असे की, उलूखल, मुसल आणि लाङ्गल हे शब्द मुळात संस्कृतचे नसावेतच. या भूमीत आधीपासून शेती करणाऱ्या, धान्य कांडणाऱ्या लोकांच्या भाषांतून ते वेदांच्या भाषेत आले असावेत. मला हे मत पटते. ज्याने वस्तू दिली त्याच्याकडूनच तिचे नाव घ्यावे, हा जगाचा साधा रिवाज आहे. आपणही गिरणी, मिक्सर, कुकर ही नावे अशीच घेतली. यज्ञमंडपातल्या ऋषीनेही आपल्या शेजाऱ्याकडून उखळ घेतले, त्याबरोबर त्याचा शब्द घेतला आणि त्याला लाडाचा 'क' लावून तो आपलासा करून टाकला.

वेदकाळच्या यज्ञात तर स्वयंपाकघरच मांडलेले असे. तैत्तिरीय संहितेत दहा 'यज्ञायुधे' सांगितली आहेत. नाव ऐकून धनुष्यबाण डोळ्यांसमोर येतात. पण यादी अशी आहे: स्फ्य, कपाले, अग्निहोत्रहवणी, शूर्प, कृष्णाजिन, शम्या, उलूखल, मुसल, दृषद् आणि उपला. दहांपैकी निम्म्या वस्तू धान्य पाखडण्याच्या, कांडण्याच्या आणि वाटण्याच्या. दृषद् म्हणजे खालचा दगड, उपला म्हणजे हाताने फिरवायचा वरचा. आपला पाटा आणि वरवंटाच तो.

या दगडाशी बसलेली एक बाई ऋग्वेदाच्या नवव्या मंडलात भेटते. तिथला कवी आपल्या घरची हकिगत सांगतो. मी कवने रचतो, बाप वैद्य आहे, आई दगडावर दळते. आईला तो 'नना' म्हणतो आणि तिच्या कामाला 'उपलप्रक्षिणी' असा भलामोठा शब्द वापरतो. घरात तिघे, तिघांचे तीन धंदे, आणि आईचे दळण हाही त्यातलाच एक धंदा म्हणून मोजलेला. माझी आई पहाटे जात्यावर बसे तेव्हा मी अंथरुणात पडून घरघर ऐकत असे. तिच्या त्या कामाला कोणी धंदा म्हटल्याचे मला आठवत नाही.

मात्र वेदातल्या त्या माउलीपाशी जाते नव्हते. तिचा दगड पाट्यासारखा, पुढेमागे घासण्याचा. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तिथल्या तीन हजार वर्षांपूर्वीच्या घरांत असेच घासून खोलगट झालेले दगड मिळाले. गोल फिरणारे जाते पुष्कळ मागाहून आले, आणि त्याला नावही निराळे मिळाले. 'यन्त्र' शब्दाचे प्राकृतात 'जंत' झाले, त्याचे आपले 'जाते'. आज यंत्र म्हटले की आपल्याला कारखाना आठवतो. आपल्या आज्यांना यंत्र म्हणजे पहाटेचे जाते, आणि त्यांचे काही चुकत नव्हते.

आता चाळणीकडे वळतो, कारण सगळ्या गोष्टीचे मर्म मला तिच्यातच सापडले. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात वाणीविषयी एक सूक्त आहे. चाळणीने सातू चाळून घ्यावेत त्याप्रमाणे ज्ञानी लोक मनाने वाणी शुद्ध करून घेतात, असा त्यात भाव आहे. पतंजलीने महाभाष्याच्या अगदी आरंभी, व्याकरण का शिकावे हे सांगताना ही ऋचा घेतली आहे. शुद्ध भाषेचा याहून मोठा गौरव संस्कृतात क्वचितच असेल. पण त्या ऋचेत चाळणीला शब्द आहे 'तितउ'. हा शब्द एकदा मोठ्याने उच्चारून पाहावा. 'त'मधला अकार आणि पुढचा उकार शेजारी शेजारी तसेच उभे! संस्कृताच्या रीतीप्रमाणे त्यांचा संधी होऊन ओकार व्हावयास हवा. एका शब्दाच्या पोटात असे दोन स्वर सुटे राहणे हे प्राकृताचे लक्षण, संस्कृताचे नव्हे. म्हणजे ऋषीला वाणीच्या शुद्धतेसाठी उपमा हवी झाली तेव्हा तो स्वयंपाकघरात गेला, आणि तिथे ज्या बाईच्या हातात चाळणी होती तिचाच शब्द त्याने जसाच्या तसा उचलला. शुद्ध करणाऱ्या वस्तूचेच नाव अशुद्ध निघाले, आणि वेदाने ते तसेच ठेवले.

त्याच आरंभीच्या भागात पतंजली आणखी एक गोष्ट सांगतो. ज्याला घडा हवा तो कुंभाराच्या घरी जाऊन मला घडा करून दे असे म्हणतो. पण ज्याला शब्द वापरायचे तो काही वैयाकरणाच्या घरी जाऊन शब्द करून मागत नाही. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला हा एवढा मोठा वैयाकरण. पण शब्दांचा कारखाना आपल्या घरी नाही, हे तो मोकळेपणी सांगतो. मग तो आहे कुठे?

याचे उत्तर मला लहानपणीच मिळाले होते, पण ते उत्तर आहे हे तेव्हा कळले नाही. आमच्या वडिलांनी मला आठव्या वर्षी अमरकोश पाठ करावयास बसवले. रोज पाच श्लोक. अर्थ विचारायचा नाही, आधी पाठ करायचे, अशी त्या वेळची रीत. मी दुसऱ्या कांडातल्या शूद्रवर्गापर्यंत आलो होतो. अमरसिंहाने शेतीची आणि स्वयंपाकाची अवजारे वैश्यवर्गात घातली आहेत आणि सोनार, लोहार, सुतार, चांभार यांची हत्यारे शूद्रवर्गात. एके दिवशी आईने विळा शेवटून आणावयास मला लोहाराच्या शाळेवर पाठवले. लोखंड तापेपर्यंत मी दाराशी बसून पाठ घोकू लागलो. मूषा, भस्त्रा, कर्तरी, टङ्क, करपत्र, आरा. लोहारबाबांनी भाता ओढता ओढता विचारले, "काय रे पोरा, काय पुटपुटतोस?"

मी ऐटीत सांगितले, "अमरकोश. संस्कृत आहे. तुम्हाला नाही कळायचं."

"पुन्हा म्हण बघू जरा."

मी पुन्हा म्हटले. ते हसले. म्हणाले, "अरे, मूस ना ती? सोनार सोनं आटवतो ती. आणि हा भाता माझ्या हातातच आहे की! कातर, टाकी, करवत, आरी. ही तर सगळी आमचीच. तुझ्या पुस्तकात कशी गेली?"

मला फार राग आला. माझ्या पुस्तकातले शब्द त्यांनी असे पटापट ओळखावेत आणि मला त्यांतली एकही वस्तू दाखवता येऊ नये, याचा तो राग होता. मी भस्त्रा घोकत होतो आणि भाता माझ्यापासून दोन हातांवर फुसफुसत होता, तरी ती दोन्ही एकच हे मला ठाऊक नव्हते. धम्मपदात म्हटले आहे की, मूर्ख माणूस जन्मभर ज्ञान्यापाशी बसला तरी, डावाला जशी आमटीची चव कळत नाही, तशी त्याला धर्माची चव कळत नाही. डावाला संस्कृतात 'दर्वी' म्हणतात. त्या दिवशी लोहाराच्या दाराशी बसलेला डाव मीच होतो.

आज त्या यादीकडे पाहिले की तिचा मार्ग स्पष्ट दिसतो. मूषेची मूस झाली, भस्त्रेचा भाता झाला, कर्तरीची कातर झाली, टङ्काची टाकी झाली, करपत्राची करवत झाली, आरेची आरी झाली. संदंशाची सांडशी आणि घनाचा घण हे त्यांचेच भाऊबंद. पाली वाङ्मयात लोहाराच्या ऐरणीला 'अधिकरणी' म्हटले आहे. आपली ऐरण तीच. कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्तिकोश १९४६ साली प्रसिद्ध झाला. निवृत्तीनंतरच्या कित्येक संध्याकाळी मी त्याची पाने चाळण्यात घालवल्या आहेत. त्यात एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. पंडितांनी ग्रंथांतून उचलून मराठीत आणलेले शब्द कोरे करकरीत राहिलेले असतात; त्यांचा काना-मात्राही हललेला नसतो. अवजारांचे शब्द मात्र झिजलेले आहेत. मुठी झिजून गुळगुळीत व्हावी तसे ते झाले आहेत. वापरल्याशिवाय वस्तू झिजत नाही, आणि शब्दही झिजत नाही.

ज्यांनी ते वापरले त्यांना अमरकोश वाचण्याची मुभा नव्हती, हेही इथे सांगितले पाहिजे. शूद्रवर्ग म्हणून ज्यांची हत्यारे एका कोपऱ्यात मांडली, त्यांनी आणि घरातल्या बायकांनी ते शब्द दोन हजार वर्षे तोंडी सांभाळले. पुस्तक आमच्या घरी होते आणि त्यातले शब्द लोहाराच्या घरी होते. संस्कृतचा वारसा कोणाचा, असा वाद आपण अधूनमधून घालतो. त्या वादात भाता ओढणाऱ्याला साक्षीला बोलवावे असे कोणाच्या मनात येत नाही.

यांतली आरी तर एके काळी देवाच्या हातात होती. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात पूषन् देवतेचे एक सूक्त आहे. पूषा हा वाटा दाखवणारा, गुरे राखणारा देव. कवी त्याला विनवतो की, कंजूष पणींची काळजे तुझ्या आरेने टोच आणि त्यांना आमच्यासाठी मऊ कर. पुढे अमरकोशात याच आरेचा अर्थ कातडे भोसकण्याचे साधन असा दिला आहे. देवाच्या हातातून ती चांभाराच्या हातात आली, तेव्हा खाली उतरली असे कोणी म्हणेल. मला तसे वाटत नाही. मन मऊ करण्याइतकेच कातडे मऊ करणेही कठीण आहे.

आणि तीच आरा आणखी एका हातात गेली. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेसाठी एकशे एक यंत्रे आणि वीस शस्त्रे सांगितली आहेत. त्या वीस शस्त्रांत करपत्र आहे, आरा आहे, सूची आहे, कुठारिका आहे. यंत्रांमध्ये संदंश आहे. म्हणजे सुताराची करवत, चांभाराची आरी, शिंप्याची सुई, लाकूडतोड्याची कुऱ्हाड आणि लोहाराची सांडशी शल्यवैद्याने घेतली, लहान केली, धारदार केली आणि नावे तीच ठेवली. ही शस्त्रे उत्तम पोलादाची, आणि कामात मुरलेल्या कुशल लोहाराकडून करवून घ्यावीत, असेही सुश्रुताने बजावले आहे. वैद्याचे यश अर्धे त्या भात्यापाशी ठरत असे.

शेताकडे गेलो तरी हेच दिसते. ऋग्वेदाच्या चौथ्या मंडलात शेताच्या अधिपतीचे सूक्त आहे. बैल सुखाने चालोत, माणसे सुखाने राबोत, नांगर सुखाने ओढला जावो, अशी त्यात मागणी आहे. तिथला 'लाङ्गल' तो आपला नांगर, 'फाल' तो फाळ. 'युग' म्हणजे जू, 'योक्त्र' म्हणजे जोत, 'ईषा' म्हणजे नांगराचे इसाड. हे शब्द शेतकऱ्याला सांगितले तर त्याला भाषांतर लागत नाही. बैल हाकण्याच्या काठीला संस्कृतात 'प्राजन' म्हणतात. आमच्याकडची पराणी ती हीच.

या प्राजनावरून महाभाष्यातला एक प्रसंग आठवतो, आणि तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. एका वैयाकरणाने रथापाशी येऊन विचारले, या रथाचा 'प्रवेता' कोण? सारथी म्हणाला, महाराज, मी 'प्राजिता'. वैयाकरण उखडला. हा शब्द अशुद्ध आहे, असे त्याने सुनावले. त्यावर सारथी शांतपणे म्हणाला की, तुम्हाला सूत्र कुठवर लागू होते ते ठाऊक आहे, पण लोकांना कोणते रूप मान्य आहे ते ठाऊक नाही. वैयाकरणाने चिडून त्याला 'दुरुत' म्हटले, म्हणजे वाईट सूत. सारथ्याने तिथेही त्याला अडवले. 'सूत' शब्द तुम्ही समजता त्या धातूपासून झालेला नाही. शिवीच द्यायची असेल तर 'दुःसूत' म्हणा! व्याकरणशास्त्राच्या सर्वश्रेष्ठ ग्रंथात वैयाकरणाचा असा दोनदा पराभव होतो आणि तोही घोडे हाकणाऱ्याकडून. पतंजलीने ही गोष्ट लपवली नाही. उलट ती त्याने रंगवून सांगितली आहे. आमच्या गावच्या लोहाराची गोष्ट सांगावयास मला मात्र सत्तर वर्षे लागली.

आता दिवाळीच्या दिवसांत शोभेल अशा एका वस्तूकडे येतो. मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने सांगितली आहेत. चूल, दळण्याचा दगड, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा. या पाचांपाशी नकळत किडामुंगी मरते, म्हणून गृहस्थाने रोज पाच महायज्ञ करून त्या दोषाची फेड करावी, असा तो विचार. मूळ शब्द पाहिले तर 'चुल्ली'ची चूल सरळ ओळखू येते आणि 'कंडनी'त आपले कांडण दिसते. हे वाचले की मनात येते, पाचही जागांवर दिवसभर उभी असे ती बाई, आणि यज्ञ करून मोकळा होई तो पुरुष! पण त्या बाईनेही आपल्या परीने फेड केली. कौटिल्याने कोठारातल्या सामानाच्या यादीत तराजू, मुसळ, उखळ, सूप आणि चाळणी यांच्या ओळीत झाडणीही, 'संमार्जनी'ही, मांडली आहे. त्याला ती नुसते सामान वाटली. आपल्या बायकांनी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहिले आणि तिला लक्ष्मी म्हटले. ही पूजा करावयास त्यांना ग्रंथ उघडावा लागला नाही.

काही शब्द वाटेत बदललेही. 'स्थाली' म्हणजे संस्कृतात अन्न शिजवण्याचे भांडे. भांड्यातले एक शीत चेपून सगळा भात शिजला की नाही ते पाहावे, यालाच स्थालीपुलाकन्याय म्हणतात. आपली शितावरून भाताची परीक्षा ती हीच. पण आपली थाळी मात्र चुलीवरून उतरून पानाच्या जागी आली. काही शब्द तर साफ गेले. तितउ गेला, त्याच्या जागी 'चालनी'ची चाळणी राहिली. दृषद् गेली, उपला गेली. स्फ्य तर यज्ञाबरोबरच गेला. वस्तू हातातून सुटली की शब्द काही काळ तोंडात राहतो आणि मग तोही जातो. निदान आजवर असेच झाले आहे.

हे सगळे त्या दिवशी अंगणात मी नातवाला एका दमात सांगितले नाही, हे उघडच आहे. तो कंटाळून पळाला असता. मी त्याला एवढेच विचारले, "पाऊस जोरात पडतो तेव्हा तू काय म्हणतोस?"

"मुसळधार."

"मग हे बघ मुसळ. ह्याच्याएवढी धार."

त्याने मुसळ उचलून पाहिले आणि आभाळाकडे पाहिले. मग मी त्याला टाकीचे घाव सांगितले, सुपातले आणि जात्यातले सांगितले, उखळ पांढरे होणे म्हणजे काय ते सांगितले. त्याला ही वाक्ये शाळेच्या पुस्तकातून पाठ होती. अर्थ लिहा, वाक्यात उपयोग करा. वस्तू त्याने पहिल्यांदाच पाहिल्या. मला आठवले, अमरकोश घोकताना मीही असाच होतो. फरक इतकाच की, माझ्या वेळी लोहाराचा भाता दोन हातांवर चालू होता.

"ही नावं कोणी ठेवली ते कळलं का?" मी विचारले.

तो म्हणाला, "जे वापरत होते त्यांनी."

माझ्या चाळीस वर्षांच्या नोकरीत इतके नेमके उत्तर मला थोड्याच विद्यार्थ्यांनी दिले असेल.

मग वाटणी झाली. फाळ आणि पराणी शेजारच्या कुळाला दिली. त्याच्या शेतात अजून कधी कधी बैल उतरतात. करवत सुताराने नेली. सांडशी आणि डाव सूनबाईने स्वतःहून पिशवीत घातला. जात्याचा दगड अंगणातच ठेवला, तुळशीपाशी. राहिले उखळ. मुलगा म्हणाला, "बाबा, फ्लॅटमध्ये हे ठेवायचं कुठे?" त्याचे म्हणणे रास्त होते. मी गप्प राहिलो. माझ्या आईने आणि तिच्या सासूने त्यात भात कांडला होता. माझ्या बहिणीच्या लग्नात घाणा भरला तेव्हा त्याच मुसळाला आंब्याची पाने बांधून त्यात हळद कुटली होती. पण असल्या गोष्टी सांगून मुलांच्या घरात जागा मागू नये, असे मला वाटते.

इतक्यात नातवाने ते उखळ दोन्ही हातांनी कवटाळून उचलले. लाकडाचे असले तरी जड होते. त्याचा चेहरा लाल झाला. अडखळत तो गाडीकडे निघाला. सूनबाई त्याच्यामागे धावली, "अरे, पाडशील, पायावर पडेल!" तो थांबला नाही. उखळाला खाली ठेवून त्याने दम घेतला, त्याच्या काठावर थाप मारली आणि म्हणाला, "चल रे उखळ्या, पुण्याला!"

मी पायरीवर बसलो होतो तिथून मला हे ऐकू आले. 'उलूखलक' या शब्दाचा अर्थ मी कित्येक वर्गांना समजावून दिला आहे. शेवटचा 'क' लाडाचा, असे फळ्यावर लिहूनही दिले आहे. पण तो 'क' कसा उच्चारायचा, ते मला त्या दिवशी कळले.

उखळ सध्या आमच्या गॅलरीत आहे. लक्ष्मीपूजनाला सूनबाईने केरसुणीशेजारी त्यालाही हळदकुंकू लावले आणि वर एक पणती ठेवली.